80 वॅट की 145? होम थिएटरचा रिसीव्हर निवडताना

डेनॉनच्या एव्हीआर-एक्स1700एच या रिसीव्हरची, म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवून वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणाऱ्या यंत्राची, माहिती वाचत होते. अमेरिकेतल्या ग्राहकांसाठीच्या पानावर लिहिलं होतं, प्रत्येक चॅनलला, म्हणजे एकेका स्पीकरच्या वाट्याला, 80 वॅट. अमेरिकेबाहेरच्या जाहिरातींत त्याच मॉडेलला 145 वॅट. यंत्र तेच, आतला ट्रान्सफॉर्मर त्याच ताकदीचा, फोटोसुद्धा तोच. दोन्हींपैकी एकही आकडा खोटा नाही हे कळायला मला थोडे दिवस लागले. तोवर खरेदी थांबवून ठेवली होती आणि ते बरंच झालं.

रिसीव्हर घ्यायचं कारण अगदी साधं होतं. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, टीव्हीवरचे संवाद कळत नव्हते. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येई आणि कमी केला की बोलणं पुटपुटल्यासारखं होई. हल्लीचे टीव्ही इतके पातळ असतात की त्यांच्या स्पीकरचं तोंड खाली नाहीतर मागे भिंतीकडे असतं. शब्द माणसापर्यंत पोचतात ते आपटून, पसरून. यावरचा खरा उपाय म्हणजे टीव्हीच्या खाली, ऐकणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला वेगळा सेंटर स्पीकर. सिनेमा-मालिकांच्या मल्टिचॅनल ध्वनीमध्ये संवाद मुख्यतः त्याच चॅनलवर असतात, आणि रिसीव्हर असला की तेवढ्या चॅनलचा आवाज वेगळा वाढवता येतो. घरात गाणं ऐकायला बुकशेल्फ स्पीकरची एक चांगली जोडी आधीपासून होती: 8 ओहम (विजेला होणारा रोध), सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेत स्पीकर किती मोठा वाजतो ते माप) 87 डेसिबल. हॉल पुण्यातल्या कुठल्याही दोन बीएचकेत असतो तसा, 11 बाय 16 फुटांचा. सोफ्यावर बसलं की कान आणि स्पीकर यांच्यात साधारण 3 मीटर अंतर. ही तीन माणसांची बैठक, तो एक टीव्ही, आणि त्यासाठी किती वॅट लागतील हा प्रश्न.

आधी ते दोन आकडे. माहितीपत्रकाच्या शेवटी, बारीक अक्षरांत, वॅटच्या शेजारी अटी लिहिलेल्या असतात. 80 च्या शेजारी होतं: 8 ओहम, 20 ते 20,000 हर्ट्झ (सुरांची उंची), 0.08 टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती), दोन चॅनल चालू. 145 च्या शेजारी होतं: 6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, एक चॅनल चालू. म्हणजे पहिल्या मोजणीत आतल्या, आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पला खर्जापासून अगदी वरच्या टोकापर्यंत सगळ्या सुरांवर, दोन्ही बाजू एकदम चालवून, स्वच्छ आवाज द्यायचा होता. दुसऱ्या मोजणीत एकाच बाजूला, मधल्या एकाच सोप्या सुरावर, कमी ओहमच्या भारावर.

ओहमचा भाग शाळेतल्या सूत्राने सुटतो. व्होल्टेज तेवढंच ठेवून भार 8 ओहमवरून 6 वर आणला तर करंट वाढतो आणि वॅटही त्याच पटीत वाढतात. 80 गुणिले 8 भागिले 6, म्हणजे जवळजवळ 107. यंत्राला हातही न लावता 27 वॅट वाढले. उरलेली वाढ कशातून येते? दुसरं चॅनल बंद असल्यामुळे सगळा वीजपुरवठा एकट्या चॅनलच्या वाट्याला येतो, आणि खर्जाचं ओझं नसतं. माझे स्पीकर 8 ओहमचे आणि अप्पांची मालिका एका चॅनलवर, एकाच सुरात चालत नाही. त्यामुळे माझ्यासाठी 145 या आकड्याला काहीच अर्थ नव्हता.

डिस्टॉर्शनची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि दुकानात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. अ‍ॅम्पकडे जेवढं व्होल्टेज असतं त्यापलीकडे लाट जाऊ शकत नाही. आवाज वाढवतच राहिलं तर लाटेचे गोल माथे छाटले जातात, सपाट होतात. यालाच क्लिपिंग म्हणतात. छाटलेल्या लाटेतही वीज भरपूर असते, त्यामुळे 10 टक्के डिस्टॉर्शन चालवून घेतलं की कागदावरचे वॅट सहज फुगतात. ऐकायला मात्र गायकाचा वरचा स्वर फाटतो आणि 'स', 'श' कानाला बोचतात. स्पीकरसहित एका खोक्यात मिळणाऱ्या '1000 वॅट' संचांचे आकडे बहुतेक याच 10 टक्क्यांवर मोजलेले असतात, शिवाय सगळ्या चॅनलची आणि खर्ज वाजवणाऱ्या सबवूफरची बेरीज करून. मागच्या पट्टीवर लिहिलेली वीज बघितली तर ती त्याहून कितीतरी कमी असते.

आमच्या पिढीने याहून मोठे आकडे पाहिलेत. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर चकचकीत स्टिकर असायचा, 'पीएमपीओ 2000 वॅट', आणि ते यंत्र सहा सेलवर चालायचं. पीएमपीओ मोजायची कुठलीही सर्वमान्य पद्धत नव्हती. क्षणभर, भागांची पर्वा न करता, कागदावर जास्तीत जास्त किती निघू शकेल याचा तो अंदाज, आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा.

अमेरिकेत हाच घोळ आपल्या आधी झाला होता. हायफायच्या जाहिरातींत वॅटची चढाओढ इतकी वाढली की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 साली नियमच केला: घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट छापायचे तर ते सलग मोजलेले असले पाहिजेत, आणि किती ओहमवर, कुठल्या सुरांच्या पट्ट्यात, किती डिस्टॉर्शनला, हे सोबत लिहायलाच हवं. म्हणून अमेरिकन पानावर आजही 80 चा सभ्य आकडा पुढे दिसतो आणि इतरत्र 145 पुढे येतो. हा नियम मूळचा स्टिरिओच्या जमान्यातला. पाच-सात चॅनलच्या यंत्रांत एकाच वेळी किती चॅनल चालू ठेवून मोजायचं याबद्दल त्यात स्पष्टता नव्हती, म्हणून कंपन्यांनी 'दोन चॅनल चालू' ही अट धरून ठेवली. 2024 मध्ये या नियमात सुधारणा झाली आणि मोजणीसाठी 8 ओहम व 20 ते 20,000 हर्ट्झ हे ठरवून दिलं. भारतात रिसीव्हर घेताना मी सरळ अमेरिकन पान उघडते. आकडा लहान दिसतो, पण दोन कंपन्यांची तुलना करता येते.

मग सातही चॅनल एकदम वाजली तर? गच्चीवरची टाकी एक आणि नळ सात, असा हा मामला आहे. रिसीव्हरमध्ये प्रत्येक चॅनलचा अ‍ॅम्प वेगळा असला तरी ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढचे वीज साठवणारे कपॅसिटर सगळ्यांना मिळून एकच. सात चॅनलना एकाच वेळी पूर्ण 80 वॅट मागितले तर ते मिळणार नाहीत, प्रत्येकाच्या वाट्याला बरंच कमी येईल. यावरून बरेच जण निराश होतात, पण प्रत्यक्ष सिनेमात सात चॅनल एकाच क्षणी टोकाला जात नाहीत. मागचे स्पीकर बराच वेळ पावसाची रिपरिप आणि गर्दीची कुजबुज एवढंच वाजवत असतात.

इथेच एक गैरसमज सांगते, कारण तो मला ओळखीच्या बऱ्याच लोकांकडून ऐकायला मिळाला. रिसीव्हरच्या मागे 'पॉवर कन्झम्प्शन' चारशे-साडेचारशे वॅट लिहिलेलं असतं. लोक त्याला सातने भागतात आणि म्हणतात, बघा, पासष्टसुद्धा पडत नाहीत, कंपनीने फसवलं. पण तो आकडा म्हणजे यंत्राची कमाल भूक नव्हे. सुरक्षेच्या मानकांनुसार तो साधारणपणे पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर मोजतात, कारण गाणं किंवा सिनेमा चालू असताना सरासरी मागणी त्याच्या वर क्वचितच जाते. त्या पट्टीवरून वायरिंग ठरवावं. अ‍ॅम्पची ताकद त्यावरून ठरत नाही.

आता सगळ्यात कामाचा हिशोब. वॅट आणि आवाज एका पटीत वाढत नाहीत. वॅट दुप्पट केले की आवाज 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे फरक कळतो पण 'बापरे' म्हणण्याइतका नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट. या न्यायाने 80 आणि 145 मध्ये फरक किती? 2.6 डेसिबल. यामाहाचा आरएक्स-व्ही6ए पाहत होते, तो त्याच कडक अटींवर 100 वॅटचा. 80 पासून त्याचं अंतर जेमतेम 1 डेसिबल. डेनॉनचाच वरचा एक्स3800एच 105 वॅटचा, किंमत कितीतरी जास्त, आणि ताकदीतला फरक 1.2 डेसिबल. रिमोटवर आवाजाची दोन-तीन बटणं दाबली की एवढा फरक भरून निघतो.

मग माझ्या हॉलला लागतात किती? स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 87, म्हणजे 1 वॅट दिला की 1 मीटरवर 87 डेसिबल. 3 मीटर लांब गेलं की उघड्या जागेत साडेनऊ डेसिबल कमी होतात. खोलीच्या भिंती त्यातले थोडे परत देतात. म्हणून सोफ्यावर 1 वॅटला साधारण 80 डेसिबल धरले. 10 वॅटला 90, 100 वॅटला 100.

सिनेमागृहाचं प्रमाण असं असतं की प्रत्येक मुख्य चॅनल सरासरी 85 डेसिबलवर बसवायचं आणि त्यावर 20 डेसिबलची मोकळीक ठेवायची, म्हणजे टोक 105 ला. माझ्या सोफ्यावर 105 आणायचे तर 300 हून जास्त वॅट लागतील. या किमतीतला कुठलाच रिसीव्हर ते देणार नाही. आणि फ्लॅटमध्ये ते कुणाला हवेत? वर, खाली आणि भिंतीपलीकडे माणसं राहतात. घरी बहुतेक लोक सिनेमागृहापेक्षा 15 ते 20 डेसिबल खाली ऐकतात. 15 खाली धरलं तर स्फोटाच्या टोकालाही 10 वॅट पुरतात. अप्पांना ऐकायचे असतात ते संवाद 65 डेसिबलच्या आसपास, आणि त्यांना लागतात 0.03 वॅट.

हा आकडा मी पुन्हा पुन्हा तपासला. शून्य पॉइंट शून्य तीन. ज्या कामासाठी रिसीव्हर घ्यायचा होता त्या कामाला एका वॅटचा तिसावा भाग पुरत होता, आणि मी 80 की 145 यात अडकले होते. त्या संध्याकाळी यादीतले वॅटचे रकाने खोडले. त्यांच्या जागी लिहिलं: सेंटर स्पीकर, खोलीनुसार आवाज जुळवण्याची सोय, टीव्हीशी एका एचडीएमआय केबलने जोडायला ईआर्क, सबवूफर, गॅरंटी.

दुकानात गेल्यावर मात्र बोलणं वॅटवरच आलं. विक्रेते बरेच जाणकार होते. डेमोची खोली लहान, खाली जाड गालिचा, बसायची जागा स्पीकरपासून दोन मीटरवर. हेलिकॉप्टर आणि गोळीबार लावला. छाती हादरली. "मॅडम, ताकद बघा," ते म्हणाले, आणि पुढची किंमत सांगताना माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, "डिस्प्लेवर आकडा किती आहे?" डेनॉनमध्ये आवाजाचा आकडा 98 पर्यंत जातो आणि स्पीकर नीट जुळवलेले असले तर 80 ला सिनेमागृहाची पातळी येते. तिथे 72 होता. माझ्या घरी 65 च्या पुढे जायची वेळ येणार नव्हती. मी त्यांना 58 वर आणायला सांगितलं आणि हेलिकॉप्टरऐवजी दोन माणसं स्वयंपाकघरात बोलतायत असा प्रसंग लावायला सांगितला. त्यांनी तो लावला, थोडे चकित झाले, पण शांतपणे ऐकू दिला. याच आवाजावर दोन वेगवेगळे सेंटर स्पीकर बदलून ऐकले तेव्हा फरक स्पष्ट कळला. एकात शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन नीट सुटत होतं, दुसऱ्यात 'प' आणि 'ब' एकमेकांत मिसळत होते. रिसीव्हर दोन्ही वेळा तोच.

तपकीर गल्लीतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे वायर विचारायला गेले होते. त्यांच्या टेबलावर एक रिसीव्हर झाकण काढून पडला होता, आणि त्यांनी मला तो नीट दाखवला. मध्ये ट्रान्सफॉर्मर, हातात मावणार नाही एवढा. त्याच्याजवळ पावडरच्या डब्यासारखे दोन काळे कपॅसिटर. आडवं ताणलेलं, दातेरी अ‍ॅल्युमिनियमचं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा भाग) आणि त्याला स्क्रूने आवळलेल्या ट्रान्झिस्टरची रांग. काकांनी स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने कपॅसिटर दाखवले. "ताई, हे दोन बघा. तबल्यावर थाप पडते ना, तिची वीज इथून जाते. ट्रान्सफॉर्मर मागाहून भरत बसतो." त्या एका वाक्याने मला सलग ताकद आणि क्षणिक ताकद यातला फरक कळला. तानपुरा सरळ चालत असतो, त्याची मागणी सारखी आणि थोडी. तबल्याची थाप क्षणभर दहा-वीसपट मागते आणि लगेच विरते. चांगला वीजपुरवठा असलेला 80 वॅटचा अ‍ॅम्प ती थाप न छाटता देतो.

मी त्यांना विचारलं, दुरुस्तीला येणारे रिसीव्हर कशाने बिघडतात? वॅट कमी पडल्यामुळे येणारे फार थोडे, ते म्हणाले. जास्तीचे उष्णतेने. बंद कपाटात कोंडलेले, वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेला, झाकणाच्या जाळीवर विणलेला रुमाल. त्याखालोखाल पावसाळ्यात वीज कडाडली की एचडीएमआयची बाजू जळून आलेले. घरी येऊन मी सुताराला टीव्ही युनिटच्या त्या कप्प्याचं दार आणि पाठीमागची फळी दोन्ही काढायला लावलं. त्याला ते पटलं नाही. वायरी दिसतील, वहिनी, असं तो दोनदा म्हणाला. वायरी दिसतात. वर अर्धा फूट मोकळी जागा आहे, आणि ती राहणार.

मधल्या काळात न्यूजर्सीचा मावसभाऊ दिवाळीला येणार होता. "ताई, मी आणतो की. इथे स्वस्त आहे," म्हणाला. त्याचा हेतू प्रेमाचा, आणि किंमतीतला फरकही खरा होता. पण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रिसीव्हरवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ लिहिलेलं असतं. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. 120 व्होल्ट करून देणारा जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घेतला तरी हर्ट्झ 50 च राहतात. 60 हर्ट्झसाठी बेतलेला गाभा 50 वर जास्त तापतो. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये मला ते नको होतं. शिवाय इथे गॅरंटी नाही. त्याला म्हटलं, त्याऐवजी तू स्वतः दोन दिवस जास्त राहा.

शेवटी 80 वॅटचाच घेतला, तोच एक्स1700एच. यामाहाचा तो 100 वॅटवालाही मला आवडला होता, पण दोघांत वॅटमुळे डावं-उजवं काही नव्हतं. आवाज जुळवण्याची पद्धत आणि त्या दिवशी मिळालेली किंमत यावर निर्णय झाला. एक्स3800एच खरोखर वरच्या दर्जाचं यंत्र आहे. उचलून पाहिलं तरी कळतं, हा साडेआठ किलोच्या आसपास आणि तो साडेबारा. त्यात खोली जुळवण्याचं जास्त सूक्ष्म तंत्र आहे, आणि प्रीआउट आहेत, म्हणजे पुढे बाहेरचा पॉवर अ‍ॅम्प जोडता येतो. माझ्यात ती सोय नाही, फक्त सबवूफरचे आउटपुट आहेत. हे ठाऊक असूनच घेतला. वाचलेले पैसे सेंटर स्पीकर आणि 10 इंची सबवूफरला गेले.

सबवूफरने वॅटचा प्रश्न आणखी हलका केला. त्याचा अ‍ॅम्प त्याच्याच पोटात असतो. रिसीव्हरमध्ये 80 हर्ट्झची सीमा लावली की त्याखालचा सगळा खर्ज सबवूफरकडे जातो. वीज सगळ्यात जास्त खातो तो खर्जच. ते ओझं उतरलं की रिसीव्हर बोलण्या-गाण्यासाठी मोकळा होतो आणि छोटे स्पीकरही हाश्शहुश्श करत नाहीत. ज्यांना वॅट कमी पडतील अशी धास्ती वाटते त्यांनी मोठा रिसीव्हर घेण्याआधी सबवूफरचा विचार करावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

स्पीकरची वायर काकांकडूनच घेतली, 14 गेज. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून सर्रास विकली जाते. काकांनी एक तार काढून ब्लेडने खरवडली. आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम, तांबूसच राहिली तर तांबं. तिथल्या तिथे कळतं. सहा मीटरच्या अशा वायरचा जाऊन-येऊन रोध 0.1 ओहमच्या आसपास, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य. त्यापलीकडे वायरवर हजारो रुपये घालायला मला कारण दिसलं नाही. जोडताना मात्र घाई करू नये. वायरीचा एक केस जरी शेजारच्या टर्मिनलला लागला तरी यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. वायरीच्या टोकाला बनाना प्लग (टर्मिनलमध्ये घुसणारी पिन) लावले की ती भीती जाते. सेटिंगमध्ये ओहम निवडायचा पर्याय असला तर तो 8 वरच ठेवावा. खाली आणला की बरीच यंत्रं आतलं व्होल्टेज घटवतात आणि हातची ताकद उगीच कमी होते.

सगळं बसल्यावर हिशोब खरा की खोटा हे पाहायची ओढ होती. मल्टिमीटर घरात होताच. नेहमीच्या आवाजावर, म्हणजे डिस्प्लेवर 65 ठेवून, यंत्र बंद असतानाच मीटरची टोकं डाव्या स्पीकरच्या टर्मिनलला नीट अडकवली आणि एसी व्होल्टवर लावला. मग पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला 200 हर्ट्झचा सूर काही सेकंद वाजवला. 200 एवढ्यासाठी की साधा मीटर त्या सुरापर्यंत व्यवस्थित मोजतो, आणि 80 च्या सीमेपासून तो पुरेसा लांब आहे. रेकॉर्डिंगमध्ये याहून मोठा सूर असूच शकत नाही, म्हणून त्या आवाजाला माझ्या अ‍ॅम्पकडे जास्तीत जास्त जी मागणी होईल ती हीच. मीटर साडेआठ व्होल्टच्या जवळ थांबला. साडेआठचा वर्ग 72, भागिले 8, म्हणजे 9 वॅट. कागदावर 10 आले होते.

त्यानंतर मालिका लावून मीटर तसाच ठेवला, आता सेंटरच्या टर्मिनलवर. संवाद चालू असताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या पलीकडे क्वचित जात होता. अर्ध्याचा वर्ग पाव, भागिले 8, म्हणजे 0.03 वॅट. अप्पा सोफ्यावर बसून विचारत होते की हे काय चाललंय. मी सांगितलं, तर म्हणाले, "मग आता तो मीटर बाजूला घे, मला ऐकू दे." सेंटरचं चॅनल 3 डेसिबलने वर ठेवलं आहे. त्यांना आता खालची अक्षरं लागत नाहीत, बातम्यांना तर मुळीच नाही. कुजबुजीचे प्रसंग अजून अवघड जातात. तिथे कुठलाही रिसीव्हर फार काही करेल असं मला वाटत नाही. ते काम श्रवणयंत्राचं आहे, आणि त्यासाठीची तपासणी ठरली आहे.

साताऱ्याच्या घराचं काम पुढच्या वर्षी निघेल. तिथला हॉल मोठा, बसायची जागा स्पीकरपासून 5 मीटरवर येईल. 3 च्या जागी 5 मीटर म्हणजे साडेचार डेसिबलचा तोटा, आणि 10 वॅटच्या जागी 28. अजूनही 80 च्या खूप आत. टोकाला थोडी जास्त मोकळीक हवी असं वाटलं तर 87 ऐवजी 92 डेसिबलचे स्पीकर बघेन. त्या 5 डेसिबलने अंतराचा सगळा तोटा भरून निघतो आणि रिसीव्हर हाच राहतो. सध्या त्या खोलीच्या छताची उंची आणि खिडक्या मोजून घ्यायच्या आहेत. भिंती उघड्या आणि फरशी चकचकीत असली तर घुमणाऱ्या आवाजात शब्द पुन्हा हरवतील, आणि त्यावर उपाय म्हणून वॅटऐवजी जाड पडदे आणि सतरंजी लागेल.